कित्त्याच्या पानावर अक्षरांच्या डोक्यावरची चिन्हं नीट कशी बसवायची?

निळी_दौत (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे. सात-आठ वर्षांची काही मुलं माझ्याकडे फ्रेंच शिकतात. त्यांचे कित्ते मी घरीच तयार करते. चाररेघी आखणी, वरच्या ओळीत टिंबाटिंबांची अक्षरं, खाली स्वतः लिहायला मोकळ्या ओळी. साध्या अक्षरांची पानं होईपर्यंत कुठे अडलं नाही. गेल्या आठवड्यात चिन्हांची अक्षरं सुरू केली आणि सगळं बिनसलं.

पहिलाच शब्द घेतला 'एकोल', म्हणजे शाळा. याच्या सुरुवातीच्या रोमन 'ई'वर उजवीकडे चढणारी तिरकी रेघ असते, अ‍ॅक्यूट. पान छापून हातात घेतलं तर सी, ओ, एल, ई छान टिंबांचे आणि पहिला 'ई' मात्र सलग काळा, वेगळ्याच वळणाचा, जरासा खाली घसरलेला. मुलांनी तो गिरवलाच नाही. एकीने विचारलं, "हा तुम्हीच काढून ठेवलाय ना?"

दुसरी अडचण मोठ्या अक्षरांची. ओळीच्या सुरुवातीला चिन्हासकट मोठा 'ई' आला की त्याची रेघ वरच्या ओळीतल्या 'जी'च्या शेपटीत घुसते. तिसरी अडचण 'ईल', म्हणजे बेट. त्यात 'आय'च्या डोक्यावर टोपी हवी, माझ्या पानावर टिंबही राहिलं आणि त्यावर टोपीही चढली. चौथी 'गार्सों'मधल्या 'सी'ची शेपटी, म्हणजे सेडिला. ती टिंबांत काढली तर दीड टिंबाची होते. मुलांना वाटतं शाईचा डाग पडलाय.

तर प्रश्न असा: फॉन्ट बदलू, आखणी बदलू, की चिन्हं छापूच नयेत आणि मुलांना हाताने काढू द्यावीत?

---

अबकड

हाताने काढू द्या. प्रश्न मिटला.

---

बायनरी_बंडू

चिन्हासकटचा 'ई' तुमच्या फॉन्टमध्ये नाहीच, हे तुमच्या पहिल्या अडचणीचं मूळ. एखादं अक्षर फॉन्टमध्ये नसलं की संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून ते उसनं आणतो, म्हणून तेवढंच अक्षर काळं आणि वेगळ्या वळणाचं दिसतं. गिरवायचे बरेचसे फुकट फॉन्ट इंग्रजी मुळाक्षरांपुरतेच केलेले असतात. वापरण्याआधी कॅरेक्टर मॅपमध्ये, म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत, पाहून घ्या.

दुसरी गोष्ट जरा लपलेली आहे. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. एक म्हणजे आधीच जोडलेलं एकसंध अक्षर. दुसरं म्हणजे साधा 'ई' आणि त्यामागे सुटं चिन्ह (अ‍ॅक्यूटचा क्रमांक ०३०१). दिसायला दोन्ही सारखीच, पण आतून एक अक्षर की दोन, हा फरक. पीडीएफमधून किंवा दुसऱ्याच्या फाइलमधून शब्द उचलून चिकटवले की कधी पहिला प्रकार येतो, कधी दुसरा. त्यामुळे एकाच पानावर एक 'ई' नीट बसतो आणि दुसऱ्याची रेघ बाजूला लोंबते. शब्दांची यादी आधी एनएफसी रूपात आणून घ्या, म्हणजे जिथे एकसंध अक्षर उपलब्ध आहे तिथे सगळीकडे तेच येईल. मग निदान चूक तरी सगळीकडे एकसारखी दिसेल आणि शोधता येईल.

---

केतकीपान

@अबकड, असहमत. मी जर्मन शिकवते. 'शोन' म्हणजे आधीच, आणि त्याच 'ओ'वर दोन टिंबं दिली की 'श्योन', म्हणजे सुंदर. फ्रेंचमध्ये 'ऊ' म्हणजे किंवा, त्यातल्या 'यू'वर डावीकडून उतरणारी रेघ दिली की कुठे. चिन्ह बदललं की शब्द बदलतो. स्पॅनिशमध्ये टिल्डवाला, म्हणजे डोक्यावर लाटेसारखी रेघ असलेला 'एन' हे वर्णमालेतलं स्वतंत्र अक्षर आहे. स्वीडिशमध्ये गोल चिन्हाचा 'ए', टिंबांचा 'ए' आणि टिंबांचा 'ओ' ही तीन अक्षरं 'झेड'च्या पुढे, वर्णमालेच्या शेवटी येतात. नमुन्यात चिन्ह नसेल तर ती वरून लावायची सजावट आहे असं मुलाच्या मनात बसतं, आणि नंतर वर्षभर आपण लाल शाईने तीच घालत बसतो.

आपण 'कि' शिकवताना 'क' छापून वेलांटी मुलावर सोडतो का?

---

अबकड

@केतकीपान, मी नमुन्यातून काढा म्हणत नव्हतो, गिरवायच्या ओळीतून म्हणत होतो. नमुना पूर्णच हवा. पण अक्षर छापलेलं आणि चिन्ह मुलाने आठवून काढायचं, अशी एक ओळ ठेवली तर ते चिन्ह लक्षात राहतं. माझ्या मुलाला इंग्रजी 'आय'चं टिंब असंच लागलं. टिंबाशिवाय पन्नास 'आय' दिले होते, त्याने सगळ्यांना डोळे काढले.

---

रेघोटी

मला आखणीबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते खरा घोळ तिथे आहे.

चाररेघी वही इंग्रजीसाठी जमते, कारण इंग्रजीत मोठ्या अक्षराच्या डोक्यावर काहीच येत नाही. सगळ्यात वरची रेघ हेच आभाळ. फ्रेंचमध्ये त्या आभाळाच्या वरही वस्ती आहे. फ्रेंच शाळांतल्या वह्यांची आखणी म्हणूनच पाहण्यासारखी आहे. तिला सेयेस आखणी म्हणतात, पाँत्वाझच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या नावावरून. १८९२ सालची. आठ मिलिमीटरवर एक ठळक रेघ आणि दोन ठळक रेघांच्या मधे दोन-दोन मिलिमीटरवर तीन फिक्या रेघा. लहान अक्षर एका घरात, 'डी' आणि 'टी' दोन घरांत, 'एल' आणि 'बी' तीन घरांत, मोठी अक्षरंही तीन घरांत. म्हणजे लहान 'ई'चं चिन्ह दुसऱ्या घरात बसतं आणि मोठ्या 'ई'चं चौथ्या. प्रत्येक चिन्हाला स्वतःची खोली आहे.

अडचण तिथेही आहे. 'जी'ची शेपटी दोन घरं खाली उतरते. वरच्या ओळीतली शेपटी चार मिलिमीटर आणि खालचं मोठं अक्षर सहा मिलिमीटर, बेरीज दहा, आणि जागा आठच. म्हणून लहान मुलांना एक ओळ सोडून लिहायला लावणं बरं पडतं.

निळी_दौत, तुमच्या आखणीची मापं द्याल का?

---

निळी_दौत

@बायनरी_बंडू, तपासलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, फॉन्टमध्ये चिन्हांचं एकही अक्षर नाही. आणि माझ्या यादीत दोन्ही प्रकारचे 'ई' निघाले.

@रेघोटी, प्रत्येक घर ५ मिलिमीटरचं. तीन घरं म्हणजे १५, आणि पुढच्या चौकडीआधी २ मिलिमीटर मोकळे. एफोर पानावर वर-खाली २० मिलिमीटर सोडून १५ ओळी बसतात.

---

रेघोटी

मग शेपटीत रेघ घुसणारच. तुमचं मोठं अक्षर दोन घरांचं, म्हणजे दहा मिलिमीटर. त्यावरच्या चिन्हाला निदान तीन मिलिमीटर लागणार, आणि मुलाचा हात जड असेल तर चार. तुमच्याकडे आहेत दोन. मोकळी जागा ५ करा, म्हणजे एका ओळीला २० मिलिमीटर पडतील. पानावर पंधराऐवजी बारा ओळी बसतील, पण चिन्ह हवेत राहील, कुणाच्या शेपटीवर नाही. त्या मोकळ्या जागेत चिन्हासाठी आणखी रेघ मात्र आखू नका. पाचवी रेघ आली की मुलं अक्षरच तिथवर ताणतात.

---

खिळेजुळारी

धागा वाचून हात शिवशिवले. माझं अर्धं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं.

शिशाच्या खिळ्याला अंग असतं, चौकोनी ठोकळा. अक्षर त्या अंगावर बसतं. मोठ्या अक्षराने अंग पूर्ण व्यापलेलं असलं की वर चिन्हाला जागाच नाही. मग एकतर अक्षर बुटकं ओतायचं किंवा चिन्ह अंगाबाहेर डोकावू द्यायचं. बाहेर डोकावणारा भाग सगळ्यात आधी तुटायचा. वरच्या ओळीचा खिळा त्यावर टेकला, दाब आला, की टक्. फ्रेंच छपाईत मोठ्या अक्षरांवरची चिन्हं गाळायची सवय पडली, तिच्यामागे ही अडचण मोठी. पुढे टंकलेखन यंत्रांनी तीच सवय चालू ठेवली. फ्रेंच अकादमीचं म्हणणं मात्र स्पष्ट आहे: मोठ्या अक्षरावरही चिन्हाला पूर्ण किंमत आहे, ते द्यायलाच हवं.

तेव्हा निळी_दौतताई, जागा नाही म्हणून मोठ्या 'ई'चं चिन्ह गाळू नका. मुलांच्या पानावर तर मुळीच नको. अडचण आमच्या शिशाची होती, तुमच्या पानाला ती नाही.

---

पानफुटी

काका, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

---

सुटसुटीत

वर्डमध्ये करत असाल तर आणखी एक खड्डा. ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली'वर ठेवून आकडा कमी दिला की डोक्यावरचं चिन्ह अर्धं कापलं जातं. मी एकदा तीस पानं तशीच छापली. प्रत्येक टोपीचं टोक उडालेलं, टोपीऐवजी दोन मिश्या राहिल्या होत्या. मुलांनी मिश्याच गिरवल्या, अगदी मन लावून.

---

शून्य_अंश

लाटेकवाले (आदेश लिहून पान मांडणारे) कुणी बोलले नाहीत म्हणून मी बोलतो.

टेकमध्ये, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेल्या प्रणालीत, चिन्ह बसवण्याचा मूळ आदेश फॉन्टची एक्स-उंची, म्हणजे लहान अक्षराची उंची, धरून चालतो. चिन्ह त्या उंचीला बसेल असं आखलेलं असतं. अक्षर त्याहून उंच असेल तर जेवढा फरक तेवढं चिन्ह वर सरकतं. त्यामुळे फॉन्टमध्ये चिन्हाचं अक्षर नसलं तरी सुटं चिन्ह असेल तर काम भागतं. पूर्वी १२८ घरांच्या, म्हणजे तेवढ्याच अक्षरांना जागा असलेल्या, फॉन्टमध्ये सगळ्यांना असंच करावं लागायचं. १९९० साली २५६ घरांची मांडणी ठरली आणि युरोपीय भाषांची बरीचशी अक्षरं एकसंध मिळू लागली. आता झीलाटेक किंवा लुआलाटेक घेतलं की थेट युनिकोड फॉन्ट वापरता येतो.

पण कित्त्यासाठी मी उलटा रस्ता धरतो. आधी आखणी आणि मग तिच्यात फॉन्ट कोंबायचा, असं नाही. फॉन्टची एक्स-उंची, मोठ्या अक्षराची उंची आणि शेपटीची खोली मोजून घेतो आणि त्या मापांवरून टिक्झेडने (लाटेकमधलं रेखाटनाचं साधन) रेघा काढतो. फॉन्ट बदलला की रेघा आपोआप सरकतात. अक्षर रेघेला टेकलंय की पाव मिलिमीटर तरंगतंय, हे मुलाच्या डोळ्याला कळतं, आपल्याला वाटतं त्याहून जास्त.

'आय'चं टिंब: बिनटिंबाचा 'आय' स्वतंत्र मिळतो, युनिकोडमध्ये ०१३१. त्यावर टोपीचं सुटं चिन्ह, ०३०२, ठेवा. चांगल्या फॉन्टमध्ये 'वर चिन्ह आलं की टिंब काढ' हे आतच सांगून ठेवलेलं असतं, गिरवायच्या फॉन्टमध्ये ते बहुधा नसतं.

---

बायनरी_बंडू

+१. फक्त तो बिनटिंबाचा 'आय' शब्दयादीत ठेवू नका, छापताना बदला. तुर्कीमध्ये ते वेगळं अक्षर आहे, टिंबाचा 'आय' वेगळा. यादीत राहिला तर उद्या शोधताना 'ईल' सापडणार नाही.

---

तिसरी_घंटा

'ईल'वरून आठवलं. फ्रेंचमध्ये १९९०च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर 'आय' आणि 'यू'वरची टोपी बऱ्याच शब्दांत ऐच्छिक आहे. त्यामुळे टोपीचा सराव 'ओ' आणि 'ई'वर घ्या. 'ओपिताल' आणि 'फोरे' हे शब्द बरे, तिथे टोपी हवीच.

---

केतकीपान

आणि टोपी का, तेही मुलांना सांगा! त्या दोन्ही शब्दांत पूर्वी 'एस' होता. इंग्रजीत तो अजून आहे, हॉस्पिटल, फॉरेस्ट. फ्रेंचमध्ये तो गेला आणि जाताना टोपी ठेवून गेला. माझ्या वर्गातली मुलं तेव्हापासून टोपी विसरत नाहीत, कारण ती 'एसची आठवण' झाली आहे.

जर्मन उमलाऊटचंही तसंच. ती दोन टिंबं म्हणजे मुळात अक्षराच्या डोक्यावर लिहिलेला छोटा 'ई'. जुन्या जर्मन हस्ताक्षरात 'ई' दोन उभ्या रेघांसारखा दिसायचा, त्याचंच हे उरलेलं रूप. आजही हाताने लिहिताना अनेक जण टिंबांऐवजी दोन छोट्या रेघाच मारतात, त्यामुळे मी कित्त्यात रेघाच छापते. स्पॅनिशचं टिल्ड म्हणजे वर चढलेला दुसरा 'एन'. आणि निळी_दौत, तुमची सेडिला म्हणजे छोटा 'झेड'. त्या नावाचा अर्थच तो. शेपटी कुठून सुरू करायची ते यावरून मुलांना दाखवता येईल.

---

मधली_सुट्टी

अवांतर होतंय, पण विचारतेच. आपल्या देवनागरीच्या कित्त्यांचं काय? मी घरच्या घरी बाराखडीची पानं केली आणि जे झालं ते सांगते.

मला नुसत्या मात्रांचा सराव हवा होता. आधी वेलांट्या, मग उकार, मग मात्रा. सुटी वेलांटी टंकली की संगणक तिच्यासोबत टिंबांचं एक वर्तुळ दाखवतो. माझ्या ते लक्षातच आलं नाही, कारण सगळं पानच टिंबांचं होतं. मुलीने निमूटपणे प्रत्येक वेलांटीबरोबर वर्तुळही गिरवलं. पान भरून. सुंदर गोल. मग मी फळ्यावर 'कि' लिहायला सांगितलं, तर तिने 'क' काढला, वेलांटी काढली आणि मधे एक छोटा शून्य काढून माझ्याकडे पाहिलं.

---

पानफुटी

अगं बाई! बिचारी.

---

शून्य_अंश

ते वर्तुळ म्हणजे 'इथे अक्षर हवं होतं' अशी संगणकाची खूण. चिन्हाआधी न तुटणारी मोकळी जागा, म्हणजे नो-ब्रेक स्पेस, टाका. युनिकोडने सुटं चिन्ह दाखवायला हाच मार्ग दिलाय. वर्तुळ जातं आणि चिन्ह एकटं उभं राहतं. रोमन चिन्हांनाही तेच लागू.

पण लेकीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पानावर टिंबं दिसली, तिने गिरवली.

---

मधली_सुट्टी

नाहीच चुकलं तिचं. नवी पानं केली तेव्हा मी तिलाच विचारलं, यात काय गिरवायचं नाही ते दाखव. तिने सगळं गिरवायचं आहे म्हणून सांगितलं तेव्हा पान पक्कं केलं.

---

खिळेजुळारी

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. म्हणून देवनागरीला चाररेघी वही देऊ नये. दुरेघीत वरची रेघ शिरोरेषेची आणि खालची अक्षराच्या पायाची. मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार हे सगळं वरच्या रेघेच्या बाहेर, उकार आणि ऋकार खालच्या रेघेच्या बाहेर. त्या दोन्ही 'बाहेर'ना जागा ठेवायची, हे आखणाऱ्याने विसरायचं नाही.

आणि जागा ठरवताना 'कमळ', 'बदक' घेऊन ठरवू नका. 'मूर्तींना' घ्या. 'म'खाली दीर्घ उकार, आणि 'त'च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघे एकाच खांद्यावर. हा शब्द ज्या आखणीत मोकळा श्वास घेतो ती आखणी बरोबर. आम्ही नवीन टाइप आला की आधी असलेच शब्द जुळवून पाहायचो.

---

तिसरी_घंटा

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्दही घ्या. एकात रफार, दुसऱ्यात अर्धा ऱ. मुलांना फरक कळायला याहून चांगली जोडी नाही, एक शिकवणारे आणि दुसरे स्वयंपाक करणारे. टिंबांच्या फॉन्टमध्ये हा ऱ बऱ्याचदा नसतोच आणि त्याजागी रफार येऊन बसतो. मग सगळे आचारी एका रात्रीत आचार्य होतात.

तो टंकायच्याही दोन पद्धती आहेत. 'ऱ'ला हलन्त देऊन, किंवा 'र'ला हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. बंडूने सुरुवातीला सांगितलेल्या दोन 'ई'ंची हीच मराठी बहीण.

---

बायनरी_बंडू

'ॲ'सुद्धा तपासा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये नाही. तिथे 'अ' आणि सुटा चंद्र जोडून काम भागवलेलं दिसतं आणि चंद्र एकीकडे कलतो. आणि फाइलची भाषा मराठी लावा. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' फॉन्टमध्ये असले तरी भाषा हिंदी असेल तर ते येत नाहीत. मुलाने शाळेत एक 'ल' आणि घरी दुसरा 'ल' का गिरवावा?

---

अबकड

माझा एक प्रश्न राहतोच. चिन्ह कधी काढायचं? प्रत्येक अक्षराबरोबर, की शब्द पूर्ण झाल्यावर?

---

केतकीपान

जोडून लिहायच्या वळणात शब्द पूर्ण झाल्यावर. मधेच हात उचलला की जोड तुटते. आधी सगळा शब्द, मग डावीकडून उजवीकडे टिंबं, रेघा, टोप्या.

---

मधली_सुट्टी

आमच्याकडे शिरोरेषेचंही तेच. शब्द झाला की एक रेघ. पण मग अनुस्वार रेघेच्या आधी की नंतर? आणि पहिली वेलांटी? मी दांडी, 'क', मग वरची कमान असं शिकले. मुलीला शाळेत 'क' आधी आणि वेलांटी नंतर शिकवलंय.

---

खिळेजुळारी

ऐकायला तो क्रम बरोबर आहे, 'क' आधी ऐकू येतो आणि 'इ' नंतर. लिहायला मात्र जागेचा अंदाज हवा. वेलांटीची दांडी डावीकडे येणार हे माहीत नसलेलं मूल 'क' मागच्या अक्षराला चिकटवून काढतं आणि मग दांडीला जागा उरत नाही. म्हणून मी दांडी आधी काढायला लावतो. शिरोरेषा मात्र रफार-अनुस्वाराच्या आधी हवी, कारण ते तिच्या आधाराने जागा शोधतात.

---

रेघोटी

टिंबं की फिका रंग, यावर कुणीच बोललं नाही. चिन्हांच्या बाबतीत हा मोठा प्रश्न आहे. मोठ्या अक्षराला वीस टिंबं मिळतात, त्यातून वळण कळतं. अ‍ॅक्यूटला दोन मिळतात. दोन टिंबं म्हणजे उमलाऊट! मूल चिन्हच बदलून टाकेल. अक्षर टिंबांत ठेवा, चिन्ह सलग फिक्या रेघेत काढा. टिंबांतच हवं असेल तर बारीक टिंबं, निदान तीन: सुरुवात, मध्य, शेवट.

फिका रंग देताना एक जपा. लेझर प्रिंटर राखाडी रंग बारीक ठिपक्यांनीच उमटवतो. फार फिका दिला तर सलग रेघ पुन्हा विरळ ठिपक्यांची होते. आधी एक पान छापून पाहा.

---

शून्य_अंश

@निळी_दौत, फॉन्टच दुरुस्त करायचा असेल तर फॉन्टफोर्ज या फॉन्ट घडवायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. सुटी चिन्हं एकदा काढून ठेवली की 'बिल्ड अ‍ॅक्सेंटेड ग्लिफ' हा आदेश ती अक्षरांवर बसवून देतो. मग नजरेने इकडेतिकडे सरकवा. आधी परवाना वाचा. ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर बदल करता येतो, पण मूळ नाव राखीव ठेवलेलं असेल तर तुमच्या फॉन्टला दुसरं नाव द्यावं लागतं.

---

निळी_दौत

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हेच करत होते.

परवाना पाहिला, बदलायची मुभा होती. फॉन्टमध्ये फ्रेंचची लहान अक्षरं चिन्हांसकट बसवली, आणि मोठा 'ई', मोठा 'ए' आणि शेपटीचा मोठा 'सी'. अक्षरं टिंबांची, चिन्हं सलग राखाडी. 'यू'वरच्या उतरत्या रेघेपाशी थोडं थांबले, कारण ती अख्ख्या फ्रेंचमध्ये 'कुठे' या एकाच शब्दात येते. पण केतकीपानची 'किंवा' आणि 'कुठे' ही जोडी आठवली आणि बसवली.

आखणी २० मिलिमीटरची केली. बारा ओळींतल्या पहिल्या चार पूर्ण नमुन्याच्या, पुढच्या चार अबकड म्हणाले तशा, अक्षरं छापलेली आणि चिन्हं मुलांनी घालायची, शेवटच्या चार मोकळ्या. काल पहिल्यांदा पान दिलं. 'हा तुम्हीच काढून ठेवलाय ना' म्हणणारी मुलगी दुसऱ्या चार ओळींत आधी सगळी अक्षरं गिरवून गेली, मग पेन्सिल उचलून ओळीच्या सुरुवातीला आली आणि एकेक रेघ वरून खाली ओढत गेली. एका 'ई'ची राहिली होती, ती तिने स्वतः मागे येऊन घातली.

सेडिला अजून जमलेली नाही. खालच्या ओळीशी आता भांडत नाही, पण शब्दात शेजारी 'जी' आला की दोन शेपट्या जवळजवळ चिकटतात. मुलं दोन्ही एकाच वळणाने काढतात.

---

केतकीपान

सेडिलाची रेघ 'सी'च्या मध्यातून सुटते आणि वळण छोटं, शेपटी एक घरही पूर्ण उतरत नाही. 'जी'ची लांब. तुमच्या फॉन्टमध्ये दोन्हींची खोली सारखी झालीय का पाहा. सेडिला अर्ध्या घरावर थांबवा.

---

निळी_दौत

हो! अगदी तेच झालंय. दोन्ही खालच्या रेघेला टेकवून ठेवल्या होत्या. आज रात्री वर उचलते.

---

मधली_सुट्टी

निळी_दौत, फॉन्टफोर्जचं काम हाताला बसलंच आहे तर आपल्या 'मूर्तींना'चं पान करू या का दोघी मिळून? अनुस्वार रफाराच्या पोटात बसवायचा की उजवीकडे, एवढं जुळारीकाकांनी सांगावं.

---

खिळेजुळारी

उजवीकडे, जरा वर. आणि टिंब भरीव ठेवा, पोकळ नको. पोकळ दिलंत तर मुलं त्याचाही शून्य करतील.